टाचणीचं धड

ये, बस. तो स्टूल घे, खुर्चीचा एक पाय लंगडा आहे. जन्मभर लंगड्यांना पाय करून दिलेस, पण मित्राच्या खुर्चीकडे कधी बघितलं नाहीस. दिवा मी मुद्दाम बारीक ठेवलाय, जास्त उजेड आतल्या खोलीत गेला की तुझ्या वहिनीला हल्ली त्रास होतो. पाणी कोमट करून ठेवलंय, प्लास्टरच्या पट्ट्या त्या डब्यात आहेत. काम फार वेळाचं नाही. पण आत जायच्या आधी मी सांगतो ते ऐकून घे, आणि बोलशील ते हळू बोल.

तुझ्या वहिनीची पाठ वाकतेय. रोज थोडी थोडी वाकतेय, आणि ती अशीच वाकत राहिली तर फुप्फुसाला जागा उरणार नाही. मी निरोपात लिहिलं होतं की सर्जन आपल्या घरच्यांवर सुरी चालवत नाही, तसा माझा हात धजत नाही, तू येऊन माप घे. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं तोंडीच सांगण्यासारखं आहे.

तू हातपाय बनवतोस, मी पाठी धरतो. तुझ्याकडे आलेल्या माणसाचं काय गेलं ते दारातच दिसतं. पाठीचं तसं नाही. पाठदुखी म्हणजे घरोघरी मुक्कामाला असलेला पाहुणा. कुणाची दोन मणक्यांमधली चकती सरकते आणि नस दाबून पायात कळ मारते. कुणाची म्हातारपणी नसांची वाट अरुंद होते, मग चार पावलं चाललं की भिंतीला टेकावं लागतं. कुणाचे मणके ठिसूळ होऊन खाली बसतात. बहुतेक जण थोडी विश्रांती, थोडा व्यायाम आणि माझा पट्टा यावर निभावून नेतात. थोड्यांना ऑपरेशन लागतं. चकतीचा निसटलेला तुकडा काढतात, नसांची वाट मोकळी करतात, नाहीतर स्क्रू घालून मणके एकमेकांना जोडतात. आणि दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. ‘मी काहीच केलं नाही हो, नुसती बादली उचलली.’ बिचारी बादली. जगातल्या सगळ्या पाठींचं खापर तिच्या डोक्यावर.

वाकणारी पाठ मात्र वेगळी. ती दुखत नाही. वाढत्या वयात, काही कारण नसताना, कणा एका बाजूला निघतो आणि जाता जाता पिळला जातो. पोर खेळतं, धावतं, पोटभर जेवतं. कुणी उघडी पाठ बघितल्याशिवाय पत्ता लागत नाही. वेळेत कळलं तर माझं काम. माझा ब्रेस, धडाभोवतीचं ते कडक कवच, कणा सरळ करत नाही, हे मी आईबापांना पहिल्याच दिवशी सांगतो. तो नुसता धरून ठेवतो, वाढ थांबेपर्यंत. उशिरा कळलं तर मग सर्जनच्या सळ्या आणि स्क्रू.

एक टेलरमास्तर त्याच्या मुलीला घेऊन आला तेव्हा उशीर झालेला होता. किडकिडीत माणूस, गळ्यात मोजपट्टी, ती काढायचीसुद्धा विसरून आलेला. बायको कधीच गेली होती. घरात तो, शिलाई मशीन आणि ही पोर. तिला तो टाचणी म्हणायचा. रांगायच्या वयात जमिनीवर सांडलेल्या टाचण्या वेचून बापाच्या हातात द्यायची म्हणे, आणि अंगानेही तशीच. शाळेत तपासणीला आलेल्या बाईंनी तिला पुढे वाकायला सांगितलं, तेव्हा पाठीची एक बाजू उंच आलेली दिसली. सर्जनने एक्स-रे उजेडावर धरला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘इतकं होईपर्यंत घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?’

‘कसं येणार, डॉक्टर?’ मास्तर म्हणाला. ‘तिचे कपडे मीच शिवतो. कधी एक बाजू वर, एक खाली अशी दिसली नाही.’

हे त्याने मलाही येऊन सांगितलं, अगदी त्याच शब्दांत. सर्जनने तोवर ऑपरेशनची तारीख दिली होती, आणि तारीख येईपर्यंत ब्रेसने जमेल तेवढं धरून ठेवा असा निरोप होता. पोरीला पातळ विणीचा बनियन चढवून मी साचा काढायच्या चौकटीत उभी केली. तुझ्या वहिनीने तिचा फ्रॉक घडी घालायला टेबलावर पसरला. माझ्या ब्रेसचं अस्तर आणि पट्टे तीच शिवायची, तिची नजर शिवणीवर जाणारच. तिने खांदे जुळवले तर घेर जुळेना. घेर जुळवला तर खांदा जुळेना. डावी बाजू उजवीपेक्षा चांगली चार बोटं लांब होती. तिने माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही काय बघतोय ते बघायला मास्तर पुढे आला.

त्याने फ्रॉक हातात घेतला, उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं. मग तुझ्या वहिनीला म्हणाला, ‘ताई, मी मोजून नाही हो केलं हे. अंगावर धरायचो, जरा वर गेलेलं दिसलं की तिथे सोडायचो. प्रत्येक नव्या फ्रॉकला थोडं जास्त. हात आपोआप बरोबर करत गेले.’

कळलं तुला? दुसऱ्या कुणाच्या मुलीचा फ्रॉक तिरका दिसला असता, कुणीतरी टोकलं असतं, ‘अहो, पोर वाकडी चालतेय.’ हिचा कधी तिरका दिसलाच नाही. बाप इतका चांगला शिंपी होता की त्याने मुलीचं दुखणं सगळ्या जगापासून झाकून ठेवलं, आणि स्वतःपासूनही. त्या दिवशी तो आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडला. तुझ्या वहिनीने त्याला पाणी दिलं.

पोर मात्र मजेत होती. जांभळ्या पेन्सिलीने तिच्या हाडांवर खुणा करताना गुदगुल्या होऊन हसत होती. ओल्या पट्ट्या गुंडाळल्यावर प्लास्टर गरम होऊ लागलं तशी म्हणाली, ‘काका, शेकोटीत उभी आहे मी.’ साचा कापून काढला, त्यात प्लास्टर ओतलं, मधे लोखंडी पाइप उभा केला आणि तिचं धड तयार केलं. पुढचं काम तुला ठाऊक आहे, पण पाठीत ते जरा वेगळं असतं. जिथे दाब द्यायचा तिथे मी धड तासतो, त्याच्या समोरच्या बाजूला भर घालतो. त्यामुळे आमचं धड पोरापेक्षा नेहमी थोडं सरळ असतं. पोर आहे तसं नाही, व्हायला हवं तसं. त्याच्यावर मग ब्रेस बनतो.

ब्रेस घालून बघायला आली तेव्हा तिने फळीवर स्वतःचं धड बघितलं. ‘ही मी?’ म्हणाली. मग जवळ जाऊन त्याच्या पोटावर हात ठेवला. ‘गार पडलीय ही. हिच्या अंगात काहीतरी घाला ना.’ तुझी वहिनी हसली. तिने कापडाचा एक तुकडा धडाच्या खांद्यावर टाकला. पोरीसमोर नाही म्हणवेना, एवढंच.

ब्रेसने काही धरलं नाही, फार पुढे गेलेलं होतं. ऑपरेशन झालं. आणि सर्जनच्या बाजूने सांगतो, काम सुरेख झालं होतं. सळ्या नीट बसल्या, पायात ताकद होती, पोर दोन बाजूंनी धरून उभीसुद्धा राहिली. मी भेटायला गेलो तर मला म्हणाली, ‘काका, मी उंच झाले.’ खरंच झाली होती. मास्तरने घरी न्यायच्या दिवसासाठी नवा फ्रॉक शिवून आणला होता. तिच्या अंगावर धरला. डावी बाजू चार बोटं खाली लोंबत होती. हातांना सवय ती सवय.

‘बाबा, हा तर तिरका झाला,’ टाचणी म्हणाली, आणि पाठीच्या टाक्यांना ताण पडेल म्हणून जपून, बारीक हसली.

‘उद्या नीट करून आणतो,’ मास्तर म्हणाला.

त्या रात्री तिला ताप भरला. छातीत संसर्ग उतरला. इतकी वर्षं एका बाजूला दबलेलं फुप्फुस होतं ते, त्याला झेपलं नाही. सर्जन दोन दिवस तिच्या उशाशी होता, त्याचे डोळे मी बघितले आहेत, त्याला कुणी दोष देऊ नये. तिसऱ्या दिवशी मास्तर घरी जाऊन फ्रॉक नीट करून घेऊन आला तेव्हा पलंगावरची चादर बदलत होते.

आता आपल्या उस्तादांची शिकवण आठव. धड दुकानाबाहेर जात नाही. पोर मोठं झालं, बरं झालं किंवा गेलं, की त्याच दिवशी धड फोडायचं. उस्तादांनी कारण कधी सांगितलं नाही, आपणही विचारलं नाही. मी हातोडा घेतला होता. तेवढ्यात मास्तर दारात आला.

‘ती तुमच्याकडे आहे ना?’ त्याने विचारलं.

तुझी वहिनी आडवी आली. ‘मास्तर, ते प्लास्टर आहे. त्याने दुःख कमी होत नसतं. राहू दे ते इथेच.’

‘ताई, सरळ झाली ती गेली,’ तो म्हणाला. ‘वाकडी होती ती माझी. तेवढी द्या.’

अशा माणसाला तू काय म्हणाला असतास? मी कापडात गुंडाळून दिलं. झोपलेलं मूल खांद्यावर घेतात तसं त्याने धड खांद्यावर घेतलं आणि रस्त्याच्या कडेकडेने, सावलीतून गेला. तुझी वहिनी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

बरेच महिने गेले. मग एक दिवस मास्तर ब्रेसच्या दुकानात शिंप्याचं बोलणं घेऊन आला. ‘घेर कमी होतोय,’ म्हणाला, ‘आणि लांबी वाढतेय. येऊन बघाल का?’ मला वाटलं, माणूस दुःखाने भ्रमिष्ट झाला. तरी गेलो. भर दुपार होती. त्याच्या गल्लीत त्या वेळी चिटपाखरू नसतं. दाराबाहेरच मला ओल्या प्लास्टरचा वास आला. नुकतं ओतलेल्या प्लास्टरचा असतो तसा, थोडा खडूसारखा, थोडा ओल्या भिंतीसारखा. आणि त्याच्यात मिसळलेला दुसरा एक वास, खेळून आलेल्या मुलाच्या मानेला येतो तो.

खिडकीपाशी लाकडी बैठकीवर धड उभं होतं, अंगात फ्रॉक. मी फ्रॉक वर केला. माझी कानस जिथे फिरली होती त्या जागा मला अंधारातही सापडतील. त्या जागा बदलल्या होत्या. जांभळ्या खुणांची रांग मी काढलेली, तिचं वळण माझ्या डोक्यात पक्कं. ते वळण आता निम्मं राहिलं होतं. आणि ज्या पाइपभोवती धड ओतलं होतं, तो खालून बाहेर आलेला पाइप, मी सरळ उभा केलेला लोखंडाचा पाइप, वाकला होता. आतल्या कुणीतरी सरळ व्हायला त्याच्यावर जोर लावल्यासारखा.

‘सरळ होतेय ना?’ मास्तरने विचारलं.

मी वळून त्याच्याकडे बघितलं, आणि तेव्हा मला ते दिसलं. खिडकीच्या उजेडात त्याचा डावा खांदा खाली गेला होता. सदरा नीट बसलेला होता, तो स्वतः शिवलेला. पण मी सदरे बघत नाही.

‘मास्तर... तुमची पाठ.’

‘हो,’ तो म्हणाला. ‘कापड तेवढंच असतं हो. एकीकडे सोडायचं तर दुसरीकडे घ्यावं लागतं.’

त्याला मी ओढत सर्जनकडे नेलं. सर्जन एक्स-रे बघून चक्रावला. म्हणाला, मोठ्या माणसाचा कणाही वयाने झिजून वाकतो, पण वर्षानुवर्षं लागतात, असं महिन्यांत होत नाही. ऑपरेशन करू या, सळ्या घालू, नाहीतर श्वास पुरणार नाही. मास्तरने शांतपणे ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, ‘त्यांनी मला सरळ केलं, तर ती परत वाकेल.’

‘मास्तर, ती नाही आता,’ मी म्हणालो. मला बोलताना लाज वाटली.

‘मागच्या वेळी मला उशीर झाला,’ तो म्हणाला. ‘या वेळी मी वेळेत आलोय. एवढं करू द्या.’

त्यानंतर मी त्याला समजावायला जात राहिलो. कधी तुझी वहिनी सोबत यायची, डबा घेऊन. शेवटी शेवटी तो पलंगावरच असायचा, एका कुशीवर, दुमडलेला. आडवं झालं की धाप लागायची आणि बसलं की बसवायचं नाही. धड मात्र उंच झालं होतं. लहान मुलीचं राहिलं नव्हतं ते, वयात आलेल्या पोरीचं झालं होतं, कंबर आलेली, खांदे एका रेषेत. मास्तर त्याच्याकडे बघत पडलेला असायचा. मी त्याच्या तोंडावर दुःख शोधायचो. खरं सांगतो, नसायचं.

‘त्या धडाला फोडा हो तुम्ही,’ घरी परतताना तुझी वहिनी मला म्हणाली. ‘माणूस जाईल त्याच्यापायी.’

‘त्याच्यासमोर कसं फोडू?’

‘मग मी फोडते.’

तसं करायची वेळ आली नाही. एके सकाळी शेजारणीने निरोप पाठवला. आम्ही गेलो तेव्हा मास्तर गेलेला होता. त्याचं सगळं उरकल्यावर त्या खोलीत आम्ही दोघंच उरलो. मी पिशवीतून हातोडा काढला. आणि तुझी वहिनी, इतके दिवस फोडा फोडा म्हणणारी, धडाच्या आणि माझ्या मधे उभी राहिली. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, वरून खालपर्यंत. आम्हाला मूल झालं नाही, ते तुला माहीत आहे. आम्ही त्यावर कधी बोलत नाही.

‘राहू द्या,’ ती म्हणाली. ‘एका माणसाने जीव दिला तेव्हा कुठे सरळ झाली हो पोरगी. आता कुणी बघायला नाही म्हणून फोडायची?’

मी ऐकलं. का ऐकलं ते विचारू नकोस. मलाही फोडवत नव्हतं.

तिने धड आतल्या खोलीत ठेवलं, तिच्या शिलाई मशीनशेजारी. एक झगा शिवला, मग दुसरा. उरलेल्या कापडाचा स्वतःला. कामात असताना बोलायची त्याच्याशी, सुई दे गं, दोरा कुठे ठेवलास. मी कानाडोळा केला. रिकाम्या घरात बायको हसतेय, तर माझं काय जातंय, असं वाटायचं. मग एक दिवस ती माझ्यापुढून जिना चढत होती, आणि मला तिच्या पाठीवर खांद्याचं एक हाड उचललेलं दिसलं.

मी बोललो. ती म्हणाली, वय झालं. सर्जनकडे नेलं. त्याने एक्स-रे बघितला आणि कितीतरी वेळ खाली ठेवला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘तुमच्या त्या टेलरसारखंच.’ ऑपरेशनचं विचारलं. तिने मान हलवली. मी हात जोडले, ओरडलो, रडलो. ‘मी नाही धरलं तर ती वाकेल,’ एवढंच म्हणायची.

त्या दुपारी ती स्वयंपाकघरात असताना मी हातोडा घेऊन आत गेलो. मनाशी म्हटलं, एक घाव आणि विषय संपला. तरी हात कचरला. आधी हलकेच ठोकलं, कमरेच्या कडेला. बोटभर टवका उडाला. त्याच क्षणी स्वयंपाकघरात भांडं पडलं. धावत गेलो तर ती ओट्याला धरून उभी होती, एक हात कमरेवर.

‘परत मारू नका,’ ती म्हणाली. ‘मला लागतं...’

त्या दिवसापासून ती त्या बाजूच्या पायाने लंगडते. म्हणून सांगतो, धड फोडायचं नाव काढू नकोस. ते आता माझ्या हातात राहिलेलं नाही. माझ्या हातात एकच गोष्ट आहे, जी मला येते. तिला ब्रेस बनवायचा आणि आहे तेवढं धरून ठेवायचं. सरळ नको होऊ दे. नुसती राहू दे. तेवढ्यासाठी चांगला साचा हवा.

मग स्वतः का काढत नाही, हाच प्रश्न आहे ना तुझा? मी बसलो होतो काढायला. पाणी कोमट केलं, तिला उभी केली, हाडं चाचपायला पाठीवर तळवा ठेवला. गार होती. जमून वाळलेलं प्लास्टर हाताला लागतं तशी गार, आणि तितकीच कडक. बरगड्या हलत नव्हत्या. मी घाबरून मागे सरलो आणि माझा कोपर त्या धडाला लागला. ते गरम होतं. प्लास्टर जमताना गरम होतं, हे तू मला सांगायची गरज नाही. ते जमून वर्षं लोटली. मी तळवा ठेवला... तिथे खाली काहीतरी वर येत होतं आणि खाली जात होतं, सावकाश, झोपलेल्या माणसासारखं.

माझी बायको माझ्या डोळ्यांदेखत जातेय, आणि तिला धरायला गेलो तर हातात ती येत नाही. मी जन्मभर परक्यांच्या पोरांना उभं केलं. असं कुणी कुणाला बोलून दाखवू नये, पण मला तिच्याशिवाय राहता येणार नाही. तेवढ्यासाठी तुला इतक्या लांबून बोलावलं. तुझा हात वेगळा आहे, घरचा नाही, तुला कदाचित खरी पाठ सापडेल.

आता नीट ऐक. आत दोघी पाठमोऱ्या उभ्या असतील, एकाच कापडाच्या झग्यात. उंचीही आता एकच झालीय. धडाला मी डोकं केलेलं नव्हतं, आपण करतच नाही. पण तिने त्याच्यावरून शाल घातलीय आणि शालीखाली उंचवटा आहे. मी उचलून बघितलेलं नाही, तूही बघू नकोस. एक सरळ उभी असेल. तिच्याकडे जायचं नाही. दुसरी, वाकलेली, कितीही गार लागली, कितीही कडक लागली, तरी तिचं माप घे. हाड लागेपर्यंत चाचपत राहा. तिला घाई करू नकोस, आणि प्रेमाने बोल, तिला ऐकू येतं असं मला अजून वाटतं.

बादली मी उचलतो, तू पट्ट्या घे.

थांब...

‘भाऊजी आले वाटतं? आत या ना, चहा ठेवते.’

ऐकलंस? नाही, उत्तर देऊ नकोस. तोंडावर हात ठेव हवं तर. तुझ्या वहिनीची वाचा जाऊन आठवडा झाला.